इंपोर्ट झालं म्हणतंय, मग लेबलं गेली कुठे?

जुन्या बिटकॉइन वॉलेटमधून काढलेली ४१२ ओळींची फाइल होती, कुठले पैसे कशाचे हे सांगणाऱ्या माझ्या लेबलांची. नव्या वॉलेटने ती दोन सेकंदांत गिळली, "लेबलं इंपोर्ट झाली" असं हिरव्या अक्षरांत सांगितलं, आणि यादी उघडली तर अर्ध्याहून जास्त रकाने कोरे. तीच फाइल पुन्हा दिली. पुन्हा हिरवी अक्षरं, पुन्हा कोरे रकाने. वॉलेट बंद करून उघडलं, सीडवरून (वॉलेट परत मिळवून देणाऱ्या बारा-चोवीस शब्दांवरून) नव्याने उभं केलं, आवृत्ती बदलली. काही फरक नाही.

त्यानंतर हा प्रकार इतरांच्या फाइलींत इतक्यांदा पाहिला, की आता कुणी "लेबलं आली नाहीत" म्हटलं की मी एकच उलट प्रश्न विचारतो: फाइलमधला कुठलाही एक पत्ता घेऊन नव्या वॉलेटमध्ये शोधला का? बहुतेकांनी शोधलेला नसतो. पुढचं सगळं त्या एका शोधावर अवलंबून आहे, म्हणून ते सोडून सीड पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नका.

सीडचं निघालंच आहे तर सीडमधून लेबलंही परत येतात हा गैरसमज आधी काढून टाकू. बारा किंवा चोवीस शब्दांतून चाव्या परत येतात, चाव्यांतून पत्ते येतात, पत्त्यांवरून साखळीवरचे, म्हणजे ब्लॉकचेनवरचे, व्यवहार सापडतात. "हे पैसे कशाचे" हे मात्र तुम्ही स्वतः लिहिलेलं असतं. ते शब्दांत नसतं, साखळीवर नसतं, हार्डवेअर वॉलेटच्या चिपमध्येही सहसा नसतं. ते असतं फक्त त्या अ‍ॅपच्या स्वतःच्या साठ्यात. वॉलेट बदललं की पैसे येतात आणि आठवण मागे राहते.

ही आठवण हलवण्याचे मार्ग पूर्वी ज्याचे त्याचे होते. इलेक्ट्रम हे वॉलेट लेबलांची एक सबंध जेसन वस्तू देतं (जेसन म्हणजे माहिती मजकुरात मांडण्याची एक रीत), डावीकडे पत्ता किंवा व्यवहाराचा आयडी आणि उजवीकडे लेबल. ट्रेझर या हार्डवेअर वॉलेटचा स्लिप १५ हा वेगळा, कूटबद्ध साठवणीचा प्रकार. एकाचं दुसऱ्याला कळायचं नाही. २०२२ मध्ये स्पॅरो वॉलेट लिहिणाऱ्या क्रेग रॉने बिप ३२९ (बिप म्हणजे बिटकॉइनमधल्या सुधारणेचा प्रस्ताव) मांडला आणि बिटकॉइन वॉलेटांना लेबलांसाठी एक सामाईक नमुना मिळाला. नमुना इतका साधा आहे, की तो बिघडण्यासारखं त्यात काय आहे असं वाटावं. बिघडतो तो आजूबाजूने.

एक ओळ जवळून पाहू. खऱ्या फाइलमध्ये नावं रोमन लिपीत असतात, इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहितोय:

{ "टाइप": "आउटपुट", "रेफ": "…६४ अक्षरांचा व्यवहार-आयडी…:१", "लेबल": "जुन्या कॅमेऱ्याचे पैसे", "स्पेंडेबल": फॉल्स }

एका ओळीत एक नोंद. टाइप म्हणजे लेबल कशाला लावलंय ते: व्यवहार, पत्ता, पब्लिक की, इनपुट (व्यवहारात खर्च होणारी रक्कम), आउटपुट (व्यवहारातून एखाद्या पत्त्यावर आलेली रक्कम) किंवा एक्सपब (जिच्यातून खात्याचे पत्ते निघतात ती पब्लिक किल्ली), या सहांपैकी एक. रेफ म्हणजे त्या गोष्टीची खूण. लेबल म्हणजे तुमचे शब्द. स्पेंडेबल, म्हणजे ती रक्कम खर्चाला मोकळी आहे की नाही, हे फक्त आउटपुटला लागतं. व्यवहारांना कधीकधी ओरिजिन नावाचा आणखी एक खाना असतो, त्याच्याकडे पुढे येऊ. अशा ओळी एकाखाली एक, यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत), की झाली फाइल. या प्रकाराला जेसन लाइन्स म्हणतात आणि एक्स्टेन्शन असतं जेसनएल.

घेणारं वॉलेट काय करतं, तर एक ओळ वाचतं, रेफमधली अक्षरं आपल्याकडच्या पत्त्यांशी नि व्यवहारांशी जुळवतं, आणि जुळली तर लेबल चिकटवतं. म्हणजे घोळ तीनच जागी होऊ शकतो. ओळ वाचताच आली नाही, किंवा वाचली पण खूण सापडली नाही, किंवा खूणही सापडली पण लेबल दाखवायला त्या वॉलेटमध्ये जागाच नाही. हिरवी अक्षरं तिन्ही वेळी सारखीच हिरवी असतात. किती ओळी वाचल्या, किती जुळल्या, किती सोडल्या हे तीन आकडे दाखवायला वॉलेट बनवणाऱ्यांना असं काय जड जातं, हे मला आजवर कळलेलं नाही.

आधी एक पत्ता शोधा

मूळ फाइलची प्रत काढा. मूळ फाइलला हात लावायचा नाही. प्रत साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. वर्ड नको, एक्सेल तर नकोच. टाइपमध्ये पत्ता असलेली एक ओळ निवडा, तिच्यातला पत्ता कॉपी करा आणि नव्या वॉलेटच्या पत्त्यांच्या यादीत शोधा.

पत्ता सापडला पण लेबल नाही, तर फाइलमध्ये घोळ आहे. पत्ता सापडलाच नाही, तर फाइलकडे बघू नका, वॉलेटच वेगळं उघडलंय. पत्ता लेबलासकट सापडला, पण आउटपुटची लेबलं गायब आहेत, तर तिसरी जागा.

पत्ता आहे, लेबल नाही

इथे मी पहिली नजर टाकतो ती फाइलच्या आकाराकडे, बाइटच्या नव्हे, दिसण्याच्या. प्रत्येक ओळ महिरपी कंसाने सुरू होऊन महिरपी कंसाने संपली पाहिजे. ओळींना छान समास पडलेत, प्रत्येक खाना वेगळ्या ओळीवर आहे, आणि सगळ्यांच्या वर एक चौकोनी कंस बसलाय, असं दिसलं तर कुणीतरी "फॉरमॅट" बटण दाबलंय. एडिटरला वाटतं ही जेसन आहे, नीट मांडून देऊ. पण ही जेसन नसून जेसन लाइन्स आहे. मांडणी सुधारली, फाइल मेली. ओळी पुन्हा सरळ करणं शक्य असतं, पण त्यापेक्षा जुन्या वॉलेटमधून नवी एक्सपोर्ट काढणं सोपं.

दुसरा मान्यवर गुन्हेगार म्हणजे अवतरणचिन्हं. फाइल कधी वर्डमधून किंवा फोनच्या नोट्समधून फिरून आली असेल तर सरळ दुहेरी अवतरणांची वळणदार अवतरणं होतात. डोळ्याला फरक जाणवत नाही, वाचणाऱ्या प्रोग्रामला तो दगड लागल्यासारखा लागतो. मजकूर म्हणून चॅटमध्ये चिकटवलेली फाइल याच कारणाने फुकट जाते. पाठवायची तर जोडपत्र म्हणूनच पाठवा.

फक्त पहिलंच लेबल गायब आणि बाकी सगळी जागेवर, हे लक्षण इतकं नेमकं आहे की ते ओळखता आल्यावर मला लहान मुलासारखा आनंद झाला होता. काही एडिटर यूटीएफ-८ मध्ये जतन करताना फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटची अदृश्य खूण घालतात, तिला बॉम म्हणतात. वाचणारा प्रोग्राम पहिल्या कंसाआधी हे काहीतरी अनोळखी बघतो आणि ती ओळ टाकून देतो. दुसऱ्या ओळीपासून सगळं सुरळीत. जतन करताना "यूटीएफ-८" आणि "बॉमसह यूटीएफ-८" असे दोन पर्याय असतात, त्यातला पहिला घ्या.

आता मराठीत लेबलं लिहिणाऱ्यांसाठी. लेबलांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसत असेल तर फाइल कुठेतरी जुन्या एन्कोडिंगमध्ये जतन झालीय आणि मजकूर खरोखर गेलाय. तो त्या फाइलमधून परत येणार नाही. पण ओळीत उलटी तिरकी रेघ, मग एक रोमन अक्षर, मग चार अंक-अक्षरं, असा खच पडलेला दिसला तर घाबरू नका. तो जेसनचा देवनागरी लिहिण्याचा वैध मार्ग आहे. एकाने ते "दुरुस्त" करण्यासाठी सगळ्या उलट्या रेघा काढून टाकल्या होत्या, आणि मग खरंच बिघडलं.

लांबीचा मुद्दा मराठीला जास्त चावतो. बिप ३२९ लेबलासाठी कमाल २५५ अक्षरांची लांबी सुचवतो आणि त्याहून लांब असेल तर घेणाऱ्या वॉलेटला कापायची मुभा देतो. अक्षरं मोजली तर ठीक. पण एखादं वॉलेट बाइट मोजत असेल तर देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं. "श्री" हे डोळ्याला एक अक्षर, आत चार चिन्हं: श, हलन्त, र, दीर्घ ई. म्हणजे बारा बाइट. २५५ बाइटांत अशी ८५ चिन्हं बसतात, आणि दोन वाक्यांचं लेबल अर्ध्यात तुटतं. शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसलं तर कात्री चिन्हाच्या मधोमध चालली असं समजा. मी लेबलं आता पाचसहा शब्दांत संपवतो, सविस्तर हिशेब दुसरीकडे ठेवतो.

याला लागूनच एक गंमत. वरच्या ओळीतला "कॅमेऱ्याचे" मधला ऱ यूनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एकसंध चिन्ह म्हणून किंवा र आणि खालचा नुक्ता असे दोन मिळून. दिसतात सारखे, बाइट वेगळे. इंपोर्टला याने काही होत नाही, कारण जुळणी रेफवर चालते. पण फोनवर लिहिलेलं लेबल संगणकावर शोधायला गेलात आणि सापडलं नाही, किंवा दोन फाइली एकत्र करताना तेच लेबल दोनदा आलं, तर बहुधा हा ऱ असतो.

हाताने ओळी लिहिणाऱ्यांच्या चुका वेगळ्या. क्यूआरमधून घेतलेला सेगविट (बीसी-एकने सुरू होणारा) पत्ता पुष्कळदा सगळा कॅपिटल अक्षरांत येतो, कारण तसा क्यूआर लहान बसतो. पत्ता म्हणून तो बरोबर आहे, पण वॉलेट आपल्याकडे तो लहान अक्षरांत ठेवतं, आणि नुसती अक्षरं जुळवणाऱ्याला दोन्ही वेगळे वाटतात. असे पत्ते लहान अक्षरांत करून घ्या. जुन्या, एक किंवा तीनने सुरू होणाऱ्या पत्त्यांना मात्र हे करायचं नाही. तिथे लहान-मोठं अक्षर बदललं की पत्ताच खोटा होतो. पत्त्याच्या आधी "बिटकॉइन" आणि विसर्गासारखी दोन टिंबं चिकटून आली असतील तर तीही काढा.

आउटपुटची मोजणी शून्यापासून होते. व्यवहारातलं पहिलं आउटपुट म्हणजे आयडी, दोन टिंबं, शून्य. इनपुटचं रेफ याहून फसवं आहे. तिथे लागतो तो खर्च करणाऱ्या व्यवहाराचा आयडी आणि त्यातला इनपुटचा क्रमांक. ते पैसे आधी ज्या व्यवहारातून आले त्याचा आयडी लिहिला तर ओळ वाचली जाईल आणि कशालाही जुळणार नाही. स्वतः स्क्रिप्ट लिहून कच्च्या व्यवहारातून आयडी काढत असाल तर बाइटांचा क्रम तपासा. व्यवहाराच्या पोटात आयडी उलट्या क्रमाने असतो, पडद्यावर दिसतो तो सुलट. ६४ अक्षरं दोन-दोनच्या जोड्यांनी उलटी केल्यावर जुळलं, तर हेच झालं होतं.

पत्ताच सापडत नाही

फाइल निर्दोष आहे. सीडही तेच आहे. तरी वॉलेट वेगळं असू शकतं, कारण एका सीडमधून अनेक वॉलेटं निघतात.

नव्या वॉलेटमधले पत्ते कशाने सुरू होतात ते बघा आणि फाइलमधल्यांशी ताडून पाहा. एकने सुरू होणारे म्हणजे बिप ४४ चा मार्ग (सीडमधून पत्ते काढण्याची वाट), तीनने सुरू होणारे बहुधा बिप ४९, बीसी-एक-क्यू म्हणजे बिप ८४, बीसी-एक-पी म्हणजे बिप ८६, अर्थात टॅपरूट. फाइलमध्ये एक प्रकार आणि पडद्यावर दुसरा, तर इंपोर्टला जुळवायला काही नाहीच. टीबी-एकने सुरू होणारे दिसले तर तुम्ही टेस्टनेटवर, म्हणजे चाचणीसाठीच्या वेगळ्या जाळ्यावर, आहात. पासफ्रेज (सीडला जोडलेला जादा परवलीचा शब्द) लावलेलं वॉलेट पासफ्रेजशिवाय उघडलं तरी हेच होतं, आणि तेव्हा शिल्लकही शून्य दिसते म्हणून लोक लेबलांआधी घामाघूम होतात.

प्रकार जुळतो, बरेच पत्तेही आहेत, पण काही मोजकेच नाहीत? मग गॅप लिमिट. सीडवरून उभं केलेलं वॉलेट पत्ते एकेक तपासत जातं आणि ओळीने सहसा २० न वापरलेले लागले की थांबतं. मी जुन्या वॉलेटमध्ये ३५ पत्ते आगाऊ काढून प्रत्येकाला नाव देऊन ठेवलं होतं, कुणाकडून काय यायचंय त्याप्रमाणे. त्यातल्या बऱ्याच पत्त्यांवर काही आलंच नाही. नव्या वॉलेटच्या लेखी विसाव्याच्या पुढचे पत्ते अस्तित्वातच नव्हते. सेटिंगमध्ये गॅप लिमिट १०० केलं, पुन्हा स्कॅन केलं, तीच फाइल पुन्हा दिली, आणि पत्त्यांची लेबलं एका दमात आली. क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्कॅन, मग इंपोर्ट. काही वॉलेटं न जुळलेली ओळ जपून ठेवतात, काही विसरून जातात; तुमचं कुठल्या जातीचं आहे यावर विसंबू नका.

व्यवहारांच्या बाबतीत एक कारण असं आहे, जे फाइलमध्येही सापडत नाही आणि वॉलेटमध्येही नाही. माझे दोन व्यवहार शेवटपर्यंत बिनलेबलाचे राहिले. फाइलमध्ये लेबलं होती, आयडी ६४ अक्षरांचे, व्यवस्थित. साखळीवर शोधले तर असे व्यवहारच नाहीत. बऱ्याच वेळाने ध्यानात आलं, की पाठवताना फी कमी पडली म्हणून मी दोन्ही वेळा ती वाढवली होती. फी वाढवून व्यवहार बदलला की तो नवा व्यवहार असतो, आयडी नवा असतो. लेबल जुन्या आयडीला लावलेलं, आणि जुना व्यवहार कधी ब्लॉकमध्ये गेलाच नाही. काही वॉलेटं लेबल आपणहून नव्या आयडीवर नेतात. माझं जुनं नेत नसावं, किंवा मी फी वाढवण्याआधी लेबल लिहिलं नि मग ते बघितलंच नाही. अशा पोरक्या ओळींत रेफ हाताने बदलायचा, एवढाच उपाय. मूळ व्यवहार तसाच ठेवून त्याच्या पैशातून पुढचा जास्त फीचा व्यवहार काढला असेल, तर मूळ आयडी बदलत नाही आणि हा प्रश्न येत नाही.

एक्सपबला लावलेलं लेबल न दिसण्याचं कारण बहुतेकदा पहिल्या अक्षरात असतं. तीच किल्ली काही वॉलेटं एक्सने सुरू करून दाखवतात, काही वाय किंवा झेडने. किल्ली तीच, वेष वेगळा, आणि अक्षरं जुळवणाऱ्याला वेषच दिसतो.

सगळं जुळतं, पण दाखवायला जागा नाही

माझ्या ४१२ ओळींचं मुख्य दुखणं इथे निघालं. टाइपप्रमाणे मोजणी केली: व्यवहार ११८, पत्ते ६१, आउटपुट २२९, इनपुट ३, एक्सपब १. नवं वॉलेट लेबल ठेवतं फक्त पत्त्यांना आणि व्यवहारांना. आउटपुटला लेबल ही कल्पनाच त्याच्याकडे नाही. आणि यात त्याने नियम मोडलेला नाही. आपण जे प्रकार साठवत नाही ते सोडून द्यायला बिप ३२९ परवानगी देतो. नियम समजूतदार आहे, नाहीतर निम्म्या वॉलेटांनी हा नमुना घेतलाच नसता. पण सोडलं ते सांगितलं असतं तर माझी एक संध्याकाळ वाचली असती.

ही मोजणी इंपोर्टच्या आधी करायला हवी होती. एडिटरमध्ये प्रत्येक टाइप शोधला की किती वेळा आला ते दिसतं. टर्मिनलवाल्यांना ग्रेपची एक ओळ पुरे.

यावर उपाय काय? आउटपुटच्या ओळी व्यवहाराच्या करता येतात. रेफमधली दोन टिंबं आणि पुढचा क्रमांक काढा, टाइप बदला, स्पेंडेबल असेल तर तेही काढा. बऱ्याच ठिकाणी हे चालतं, कारण एका व्यवहारात आपलं आउटपुट सहसा एकच असतं. जिथे दोन असतात, म्हणजे एकाच व्यवहारात दोन वेगवेगळ्या पत्त्यांवर पैसे आले, तिथे एका आयडीला दोन लेबलं होतात आणि बहुधा नंतरची ओळ आधीचीला पुसते. आणि तुम्ही पैसे पाठवले असतील तर आपलं आउटपुट म्हणजे परत आलेली मोड. "मोड, शिल्लक" असं लेबल सबंध व्यवहाराला लागलं तर पुढे वाचताना भलताच अर्थ निघतो. मी २२९ पैकी सरळ असतील तेवढ्या बदलल्या आणि उरलेल्या एकेक बघून पत्त्यांच्या ओळी केल्या. कंटाळवाणं काम, पण एकदाचं.

ओरिजिनचा प्रश्न एका सीडवर दोन खाती चालवणाऱ्यांना येतो. पहिल्या खात्यातून दुसऱ्यात पैसे हलवले, तर तोच व्यवहार, तोच आयडी, दोन्हीकडे दिसतो. एकीकडे तुम्ही लिहिलेलं असतं "बचतीत टाकले", दुसरीकडे "रोजच्या खात्यातून आले". दोन्ही खात्यांची लेबलं एकाच फाइलमध्ये काढली की कुठलं कोणाचं हे ओरिजिनवरून कळतं. त्यात किल्ल्या नसतात, फक्त वॉलेटचा प्रकार, मुख्य किल्लीची आठ अक्षरी खूण आणि मार्ग. घेणारं वॉलेट ओरिजिन बघत नसेल तर दोन्ही खात्यांत एकच लेबल चढतं. बघत असेल तरी मार्ग लिहिण्याच्या दोन रीती आहेत, मार्गातल्या कडक (हार्डन्ड) पायरीला कुणी अपॉस्ट्रॉफीची खूण देतं तर कुणी एच लिहितं. अर्थ तोच, अक्षरं वेगळी, आणि अक्षरं जुळवणाऱ्याचं काय होतं ते वर आलंच आहे. सोपी वाट म्हणजे प्रत्येक खात्याची फाइल वेगळी काढायची आणि वेगळी द्यायची.

लेबलं आली, पैसे कमी झाले

हे तक्रारीचं उलटं टोक. लेबलं व्यवस्थित, पण खर्च करायला गेलं की उपलब्ध रक्कम कमी दिसते. पैसे कुठेही गेलेले नाहीत. फाइलमध्ये काही आउटपुटना स्पेंडेबल फॉल्स असणार, म्हणजे तुम्ही किंवा फाइल देणाऱ्याने ते कधीतरी गोठवले होते, आणि इंपोर्टने ते गोठवणंही सोबत आणलं. आउटपुटच्या यादीत जाऊन गोठवण काढा. खाना नसलेल्या ओळीने आधीची स्थिती बदलायची नसते, त्यामुळे ओळीतून तो खाना काढून पुन्हा इंपोर्ट केल्याने गोठवलेलं सुटत नाही. तसं करून बघणारे भेटलेत. उलटही होतं: गोठवलेलं आउटपुट नव्या वॉलेटमध्ये मोकळं दिसतं. तेव्हा फॉल्स हा शब्द अवतरणात आहे का ते बघा. अवतरणात घातला की तो होय-नाही राहत नाही, नुसता शब्द होतो, आणि काटेकोर वॉलेट तो मानत नाही. वेगळं ठेवलेलं नाणं इतर नाण्यांत मिसळून खर्च झालं तर ते परत वेगळं करता येत नाही, म्हणून इंपोर्टनंतर पहिला व्यवहार करण्याआधी गोठवलेल्यांची यादी डोळ्यांखालून घाला.

जुनी फाइल पुसू नका, पण उघड्यावरही ठेवू नका

सगळ्यात महागात पडणारी चूक दुरुस्तीच्या वेळी होते. नव्या वॉलेटमध्ये निम्मी लेबलं आली, माणूस म्हणतो चला, आणि तिथूनच नवी एक्सपोर्ट काढून बॅकअपच्या जागी ठेवतो, त्याच नावाने. माझ्या बाबतीत तसं झालं असतं तर २२९ आउटपुट लेबलं त्या क्षणी कायमची गेली असती. ज्या वॉलेटने सर्वांत जास्त प्रकार साठवले त्यातली एक्सपोर्ट ही मूळ प्रत, तिच्या नावात तारीख, आणि तिच्यावर दुसरं काही लिहायचं नाही.

त्याच वेळी हेही खरं की या फाइलने कुणी पैसे चोरू शकत नसला, तरी तुमचा सगळा व्यवहार उघडा पडतो. साखळीवर नुसते पत्ते असतात. त्यांच्याशेजारी नावं, कारणं, कोण कुणाला काय देणं लागतो हे तुमच्या फाइलमध्ये असतं. म्हणून ती कूटबद्ध करून ठेवा, उघडी प्रत काम झालं की काढून टाका, आणि आपोआप क्लाउडवर चढणाऱ्या फोल्डरमध्ये ती पडली नाही ना ते पाहा. डाउनलोड फोल्डरही तसा असू शकतो हे मला उशिरा कळलं. हिशेब बघणाऱ्याला द्यायची असेल तर सबंध फाइल न देता लागतील त्याच ओळी वेगळ्या काढून द्या. एक ओळ एक नोंद असल्याचा हा खरा फायदा: बारा ओळी उचलून दुसऱ्या फाइलमध्ये टाकल्या तरी ती पुरी वैध फाइल असते.

एवढं करूनही जमत नसेल आणि वॉलेटवाल्यांना विचारायची वेळ आली, तर खरी फाइल पाठवू नका, तिचा स्क्रीनशॉटही नको. टेस्टनेटवर एक वॉलेट काढा, एक पत्ता आणि एक आउटपुट यांना लेबल द्या, एक्सपोर्ट करा, आणि त्या दोन ओळींवर तोच घोळ होतो का बघा. होत असेल तर त्या दोन ओळी, दोन्ही वॉलेटांची नावं आणि आवृत्त्या, आणि किती ओळींपैकी किती दिसल्या तो आकडा, एवढं पाठवा. होत नसेल तर बिघाड तुमच्या मूळ फाइलच्या एखाद्या ओळीत आहे. फाइल मधोमध तोडून दोन्ही अर्धे वेगवेगळे देऊन बघा, बिघडलेला अर्धा पुन्हा तोडा. ४१२ ओळींतली एक वाईट ओळ अशी नऊ फेऱ्यांत हाती लागते.